‘चोर’ की ‘कुपित’? : कँडीच्या १८१७-१८ च्या उठावाचे मूल्यमापन

हेन्री मार्शल हा इंग्रजी सैन्यातील एक वैद्य. कँडीच्या डोंगराळ मुलखात उठाव झाला त्या काळात तो सिंहलद्वीपात नोकरीस होता. १८४६ मध्ये त्याने सिलोनवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात कँडीचा सरदार केप्पेटिपोल याच्यासंबंधी त्याने एक अभिप्राय नोंदविला आहे. त्याचा आशय असा की, उठाव यशस्वी झाला असता तर या मनुष्यास देशभक्त म्हणून मान मिळाला असता. तो फसला म्हणून त्याला बंडखोर हे दूषण लागले आणि राजद्रोह्याची शिक्षा झाली. ज्या राजवटीने शिरच्छेद केला तिच्याच चाकरीतील माणसाचे हे उद्गार असल्यामुळे श्रीलंकेतील लेखक ते आवडीने उद्धृत करतात. मार्शलच्या उदारपणाचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु विधान म्हणून ते तपासले तर त्यात मोठा दोष आढळतो. देशभक्त आणि देशद्रोही यांतील भेद केवळ जयपराजयावर अवलंबून असेल, तर तो भेद उरतच नाही.

या दोषाची आठवण होण्यास कारण असे की, डिसेंबर २०१६ मध्ये श्रीलंकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेन यांनी कँडी येथे एका घोषणापत्रावर स्वाक्षरी केली. गव्हर्नर रॉबर्ट ब्राउनरिग याने १८१८ च्या जानेवारीत राजपत्राद्वारे १९ जणांना राजद्रोही ठरवून त्यांची मालमत्ता जप्त केली होती. ते राजपत्र या स्वाक्षरीने रद्द झाले आणि ते १९ जण राष्ट्रवीर ठरले. पुढे २०१७ मध्ये आणखी काही नावांना हाच न्याय लावण्यात आला. एका राजपत्राने दिलेला शब्द दुसऱ्या राजपत्राने काढून घेतला. मार्शलचे भाकीत तंतोतंत खरे झाले, असे म्हणावे लागेल. पण पहिल्या राजपत्राने जे प्रश्न विचारले नव्हते ते दुसऱ्यानेही विचारले नाहीत. ते विचारणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात पाहू. इंग्रजांनी १७९६ मध्ये डचांकडून लंकेचा किनारी प्रदेश घेतला. डोंगरातील कँडीचे राज्य मात्र स्वतंत्र राहिले. १८०३ ची इंग्रजांची स्वारी तेथे पुरती फसली. १८१५ मध्ये जे घडले ते लढाईने नव्हे, तर सरदारांच्या फुटीने. राजा श्री विक्रम राजसिंह याच्या जाचास कंटाळलेले सरदार इंग्रजांना मिळाले, राजा पकडला गेला आणि २ मार्च १८१५ रोजी कँडीच्या राजसभेच्या मंडपात एक करार झाला. पदच्युत राजाला पुढे वेल्लोरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथेच १८३२ मध्ये तो वारला. करारावर ज्या सरदारांच्या सह्या आहेत त्यांत उवा प्रांताचा दिसावे, म्हणजे प्रांताधिकारी, मोनरविल केप्पेटिपोल हाही होता. ज्याने राज्य दिले त्यानेच अडीच वर्षांनी ते परत मागण्यासाठी शस्त्र उचलले. या एका गोष्टीमुळेच ‘देशभक्त की देशद्रोही’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही.

या करारात बारा कलमे आहेत. आपल्याकडे त्यातील पाचवे कलम तेवढे सांगितले जाते. कँडीचे सरदार आणि प्रजा ज्या बुद्धधर्माचे पालन करतात तो अनुल्लंघनीय आहे, त्याचे विधी, भिक्खू आणि पूजास्थाने यांचे रक्षण केले जाईल, असे अभिवचन त्यात आहे. एका ख्रिस्ती राजवटीने असे लिहून द्यावे ही गोष्ट लहान नाही. परंतु करार पहिल्या कलमापासून वाचावयास हवा. आरंभीची कलमे राजाच्या क्रौर्याचा पाढा वाचतात आणि राजाच्या घराण्यातील सर्व पुरुषांना राज्याचे शत्रू ठरवून त्यांना प्रदेशबंदी करतात. कारण ते घराणे ‘मलबारी’, म्हणजे दक्षिण भारतातून आलेले नायक्कर होते. चौथे कलम राज्य इंग्लंडच्या राजाकडे सोपविते आणि त्याच वाक्यात सरदारांचे हक्क व मानमरातब राखून ठेवते. धम्माचा क्रमांक त्यानंतरचा आहे.

या ठिकाणी एक विसंगती नजरेआड करता येत नाही. ज्या घराण्याला परके म्हणून हाकलले, त्याच नायक्कर घराण्यातील कीर्ती श्री राजसिंह याच्या कारकिर्दीत, १७५३ मध्ये, सयामहून उपाली थेर यांना पाचारण करून लंकेत लोप पावलेली उपसंपदा पुन्हा सुरू झाली होती. आजचा सियाम निकाय त्यातून उत्पन्न झाला. म्हणजे शासनाचा पुनरुद्धार ज्या ‘परक्यांनी’ केला त्यांना शासनाच्याच नावाने काढण्यात आले, आणि ज्यांना शासनाशी कर्तव्य नव्हते त्यांच्या हाती ते सोपविले गेले. सरदारांचे हे कृत्य कोणत्या सदरात घालावयाचे, याविषयी २०१६ चे घोषणापत्र मौन पाळते. तसे करणे त्याला भागच होते; कारण १८१५ चा स्वाक्षरीकार आणि १८१८ चा वीर एकच आहे.

आता शब्दांकडे वळू. पालीच्या वर्गात ‘चोर’ शब्द आला की विद्यार्थी हसतात, कारण त्यांना तो घरचा वाटतो. पण पालीत, विशेषतः सिंहली वंसग्रंथांत आणि अट्ठकथांत, त्याचा अर्थ केवळ वस्तू चोरणारा असा नाही. राजसत्तेविरुद्ध उठलेला मनुष्यही तेथे चोरच. महावंसातील एका राजाचे नावच चोरनाग असे पडले आहे. राज्य मिळण्यापूर्वी तो बंडखोर म्हणून हिंडत असता ज्या विहारांनी त्याला आसरा दिला नाही, असे अठरा विहार त्याने राजा झाल्यावर पाडले, असे ग्रंथ सांगतो. गादीवर बसल्यानंतरही ‘चोर’ हे उपपद त्याला सुटले नाही. बंड यशस्वी होऊनही बंडखोर सन्मान्य झाला नाही, हे मार्शलच्या सिद्धान्ताला पडलेले एक जुने छिद्रच म्हणावे लागेल. वंसकारांनी त्याला माप लावले ते यशाचे नव्हे, विहारांशी तो कसा वागला याचे. अर्थात हे मापही निर्दोष नाही, हे पुढे दिसेल.

विनयपिटकात याच प्रकारच्या घटनेला एक निराळा शब्द येतो. महावग्गात मगधराज बिंबिसार याच्या राज्याचा सीमाप्रांत ‘कुपित’ झाला, असे वर्णन आहे. राजाने सेना पाठविण्याची आज्ञा केली. पण युद्धाला जाऊन आपण पाप करतो असे वाटून काही योद्धे संघात येऊन प्रव्रजित झाले. राजाची तक्रार आल्यावर तथागतांनी राजसेवकाला प्रव्रज्या न देण्याचा नियम घालून दिला. त्या नियमाची चर्चा येथे नको. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, सीमेवरील लोकांना त्या वाक्यात चोर म्हटलेले नाही. प्रांत कुपित झाला, एवढेच म्हटले आहे. ‘चोर’ हा शब्द सिंहासनावरून पाहिलेला आहे. ‘कुपित’ हा शब्द त्या मुलखाची अवस्था सांगतो आणि कोप कशाचा, हा प्रश्न मोकळा ठेवतो. ब्राउनरिगचा ‘राजद्रोही’ हा चोर या शब्दाचा भाऊ आहे. आणि ‘राष्ट्रवीर’ हाही, जरी तो गौरवाचा असला तरी, सिंहासनावरूनच उच्चारलेला आहे.

वेल्लस्स कुपित का झाला? उठावाची पहिली ठिणगी १८१७ च्या उत्तरार्धात तेथे पडली. तेथील दिसावे मिल्लेव याचा अधिकार बाजूस सारून इंग्रजांनी हज्जी मरिक्कार या मुसलमान गृहस्थाला मुहंदिरम नेमले, हे एक कारण सांगितले जाते आणि ते खरेही आहे. ते सरदारवर्गाचे कारण होते. बंडवाल्यांनी हज्जीला पकडून ठार केले. त्याचा तपास करावयास गेलेला बदुल्ल्याचा इंग्रज अधिकारी विल्सन बाणांनी मारला गेला. पण सामान्य शेतकऱ्याचा राग नेमणुकीपुरता नव्हता. ज्याच्यापुढे गाऱ्हाणे नेता येते, ज्याच्या नावाने पेरहेर निघते, जो दंतधातूचा रक्षक असतो, असा राजाच आता दिसेनासा झाला होता. समुद्रापलीकडचा राजा त्यांना कळत नव्हता. म्हणूनच या उठावाला एका राजाची गरज भासली आणि विल्बावे नावाचा एक माजी भिक्खू राजा म्हणून पुढे आला. त्याने आपण डोरेसामी असल्याचे, म्हणजे पदच्युत नायक्कर घराण्यातील असल्याचे सांगितले. सिंहली मनुष्याने सिंहली प्रजेचा राजा होण्यासाठी नायक्कर असल्याची बतावणी केली! जे १८१८ कडे सिंहली राष्ट्रवादाचा उदय म्हणून पाहतात त्यांना हा तपशील अडचणीचा आहे. त्या मुलखातील लोकांना राजाचा वंश कोणता यापेक्षा राजा असणे महत्त्वाचे होते, असे त्यावरून दिसते.

केप्पेटिपोलला इंग्रजांनी बंड मोडण्यासाठी धाडले होते. तो बंडवाल्यांना जाऊन मिळाला. इंग्रजांनी दिलेल्या बंदुका त्याने परत केल्या, अशी परंपरा आहे. आता त्याने विश्वासघात केला काय? पालीत मित्तदुब्भी म्हणजे मित्राचा घात करणारा, हा चोराहून निराळा आणि अधिक निंद्य मानला आहे. कारण तेथे विश्वासाचा भंग आहे. इंग्रजांनी त्याच्यावर ठेवलेला आरोप तत्त्वतः या जातीचा होता. पण विश्वास उभयपक्षी असतो. १८१५ चा कागद एकतर्फी शरणागती नव्हती. त्यात सरदारांनी राज्य दिले होते आणि इंग्रजांनी हक्कांचे व धर्माचे अभिवचन दिले होते. उभयपक्षी कराराचा भंग झाला असता एकाच पक्षाला द्रोही म्हणणे हे विजेत्याचे न्यायशास्त्र होय. उठाव मोडल्यावर २१ नोव्हेंबर १८१८ रोजी ब्राउनरिगने नवे जाहीरनामापत्र काढून सरदारांचे अधिकार छाटले. आणि १८४० नंतर मिशनऱ्यांच्या दडपणाखाली सरकारने विहारांच्या व्यवस्थेतून हळूहळू अंग काढून घेतले. त्या पाचव्या कलमाची ही परिणती झाली. म्हणून केप्पेटिपोल द्रोही नव्हता, हे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी २०१६ पर्यंत थांबण्याची गरज नव्हती.

परंतु द्रोही नव्हता म्हणून देशभक्त होता, हे अनुमान निघत नाही. येथे कोणाचा देश, हा प्रश्न येतो, आणि तो आपल्या वाचकांना टाळता येणार नाही.

ज्या कीर्ती श्री राजसिंहाने उपसंपदा परत आणली त्याच्याच काळात, १७६४ च्या सुमारास, ती गोविगम या एकाच जातीपुरती मर्यादित झाली. भगवान बुद्धाच्या संघात उपालीसारखा नापित आणि सुनीतासारखा सफाईचे काम करणारा आला. आणि कँडीच्या राजाज्ञेने दालचिनी सोलणाऱ्या सलागमाला भिक्खू होता येईना! बुद्धाचे नाव घेणाऱ्या राज्यात हे घडले. किनाऱ्यावरील अंबगहपिटिये ञाणविमल हे सलागम समाजातील सामणेर १७९९ मध्ये ब्रह्मदेशास निघाले. अमरपुर येथे त्यांनी उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परत येऊन माडू नदीच्या पात्रात, उदकुक्खेप सीमेत, त्यांनी इतरांना ती दिली. विनयाच्या दृष्टीने हा प्रसंग अत्यंत मोलाचा आहे. भूमीवरील सीमांवर इतरांची सत्ता होती, पाण्यावर नव्हती. अमरपुर निकायाचा हा आरंभ कँडीच्या राजाच्या सत्तेबाहेर, इंग्रजांच्या ताब्यातील किनाऱ्यावर झाला. उद्या कोणी विचारील की, कँडीचे राज्य बुडाले तेव्हा या भिक्खूंना शोक झाला असेल काय? न झाला असल्यास ते धम्मद्रोही ठरतात काय?

रोडिया समाजाची स्थिती याहून वाईट होती. रॉबर्ट नॉक्सने १६८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले आहे ते वाचताना आपल्या गावकुसाबाहेरची आठवण होते. शिवाय जातीनुसार सक्तीची सेवा, म्हणजे राजकारिय, हा सरदारांच्या वैभवाचा पाया होता. जे हक्क चौथ्या कलमाने राखले आणि जे छाटले गेले म्हणून सरदार खवळले, त्यांत या वेठीवरील हक्कही होते. इंग्रजांनी १८३२ मध्ये राजकारिय रद्द केले, हे खरे. पण त्याआधी तेच राजकारिय वापरून कँडीचा रस्ता त्यांनी लोकांकडून बांधून घेतला, हेही तितकेच खरे.

१८१८ च्या ज्या जानेवारीत ब्राउनरिगचे राजपत्र निघाले, त्याच जानेवारीच्या पहिल्या तारखेस भीमेच्या काठी कोरेगाव येथे कंपनीच्या सैन्यातील महार शिपाई पेशव्यांच्या फौजेशी लढले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभाजवळ गेले. या लढाईवरून आपल्या समाजाला देशद्रोहाचा टोमणा अनेकदा ऐकावा लागला आहे आणि आपण त्याला उत्तर दिले आहे की, ज्या राज्यात माणूस म्हणून उभे राहता येत नव्हते ते राज्य आमचा देश कसे? हे उत्तर बरोबर आहे. पण मग ते कँडीलाही लागू केले पाहिजे. पेशवाई बुडाली याचा आनंद आणि कँडी बुडाली याचे दुःख, केवळ दुसरे राज्य बौद्ध म्हणवीत होते एवढ्याच कारणाने, आपल्याला एकाच वेळी मानता येणार नाही. उलट बाजूही आहे. कोरेगावचा शिपाई लढला म्हणून इंग्रज मुक्तिदाता होत नाही; त्याच इंग्रजांनी १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली. आणि वेल्लस्सचे बंड मोडण्यासाठी ब्राउनरिगने मद्रासहून ज्या पलटणी मागविल्या त्यांत हिंदी शिपाई होते, हे विसरून चालणार नाही.

या पलटणींनी काय केले? गावे जाळली, धान्य नष्ट केले, गुरे मारली. वेल्लस्स या नावाचा लोकांत सांगितला जाणारा अर्थ ‘लाख शेतांचा मुलूख’ असा आहे. तो मुलूख ओसाड झाला. सैन्यातील दुसरा एक वैद्य जॉन डेव्ही याने १८२१ च्या आपल्या ग्रंथात कँडीच्या बाजूची हानी सुमारे दहा हजार माणसांची सांगितली आहे. त्यांतील बहुसंख्य रोग आणि उपासमारीने गेले असले पाहिजेत. ब्राउनरिगच्या यादीत त्यांतले कोणी नव्हते, कारण त्यांच्यापाशी जप्त करण्याजोगे काही नव्हते. आणि नंतरची यादी पहिल्या यादीवरूनच तयार झाल्यामुळे गौरवाच्या वेळीही त्यांची आठवण निघाली नाही. २०१६ च्या घोषणेवर माझा मुख्य आक्षेप हा आहे. इंग्रज गव्हर्नराने ज्यांना नाव घेण्यायोग्य समजले, त्यांचेच नाव स्वतंत्र श्रीलंकेने घेतले.

येथे आपल्या परंपरेविषयीही एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. महावंसात दुट्ठगामणी राजाला युद्धातील संहाराचा पश्चात्ताप होतो, तेव्हा अर्हत येऊन त्याचे सांत्वन करतात आणि मेलेल्यांत खऱ्या अर्थाने दीडच मनुष्य होता असा हिशेब सांगतात. कारण बाकीचे त्रिशरण न घेतलेले. हा प्रसंग सुत्तपिटकाशी विसंगत आहे, हे सांगावयास फार पांडित्य लागत नाही. कम्म म्हणजे चेतना, हे तथागतांचे म्हणणे. ज्याला मारले त्याचा पंथ पाहून चेतना कुशल होत नाही. आपल्या बाजूच्या हिंसेला शासनाच्या सेवेत जमा करण्याची सवय वंसग्रंथांनीच लावली. चोरनागाचे माप विहार, तसेच दुट्ठगामणीचेही माप विहारच. हज्जी मरिक्कारची हत्या आज कोणी मोजत नाही, त्यामागे हाच दीड माणसांचा हिशेब आहे. वेल्लस्सच्याच मातीत राबणारा तो एक अधिकारी होता; त्याला मारणाऱ्यांच्या दृष्टीने तो द्रोही होता. त्याला कोणत्याही राजपत्राने परत घेतलेले नाही.

वंसपरंपरेचे आणखी एक वैशिष्ट्य. हिक्कडुवे सुमंगल थेर आणि बटुवन्तुडावे पंडित यांनी सरकारच्या सांगण्यावरून महावंसाचे संपादन केले आणि ग्रंथ पालीतच १८१५ पर्यंत आणून सोडला. इंग्रजांनी राज्य घेतले, येथे ग्रंथ संपतो. पुढच्या तीनच वर्षांत जे घडले ते त्यात नाही. सुमंगल थेर हे विद्योदय परिवेणाचे संस्थापक. त्यांच्या विद्वत्तेविषयी किंवा धम्मनिष्ठेविषयी शंका घेणे अनुचित ठरेल. परंतु सरकारी आश्रयाने लिहिलेल्या पाली इतिहासाने कोठे थांबावे हे कसे ठरते, त्याचा हा उत्तम नमुना आहे. पालीत लिहिले म्हणून ते बुद्धवचन होत नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांना वारंवार सांगावे लागते.

केप्पेटिपोलच्या अंताचे मार्शलने दिलेले वर्णन मात्र मी प्रत्येक वर्षी वर्गात वाचून दाखवितो. २६ नोव्हेंबर १८१८ रोजी त्याला व मडुगल्ले याला दंतधातूच्या विहारात नेण्यात आले. मडुगल्लेचे धैर्य त्या घडीला खचले. केप्पेटिपोलने शांतपणे वंदना केली, आपले उत्तरीय विहाराला अर्पण केले आणि पुढील जन्मी हिमालयाच्या परिसरात जन्म मिळावा व अखेर निर्वाण प्राप्त व्हावे, अशी इच्छा व्यक्त केली. वधस्थानी त्याने कमरेचे एक लहान पाली पुस्तक काढून, सायमन सॉअर्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दाखविलेल्या सौजन्याबद्दल, त्याला देण्यासाठी सोपविले आणि गाथा म्हणत तो बसला. पहिला वार झाला तेव्हा त्याच्या मुखातून ‘अरहं’ हा शब्द निघाला. या वर्णनात देश हा शब्द कोठेही येत नाही. ज्याने मारले त्याच राजवटीतील एका माणसाला मरताना पाली पुस्तक द्यावे, या कृतीला ‘राजद्रोही’ आणि ‘राष्ट्रवीर’ यांपैकी कोणताही शब्द पुरत नाही.

त्याची कवटी मार्शलने एडिंबरोला नेली. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणारे एक शास्त्र त्या काळी तेथे बोकाळले होते. त्यासाठी ती तेथील संग्रहात ठेवण्यात आली. म्हणजे ज्याने त्याला देशभक्त म्हणता आले असते असे लिहिले, त्यानेच त्याचे मस्तक नमुना म्हणून दिले. १९५४ मध्ये ती लंकेस परत आली आणि कँडीत तिच्यावर स्मारक उभारण्यात आले. त्याच्या चार वर्षे आधी, मे १९५० मध्ये, जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेब याच कँडी शहरात होते. प्रतिनिधी म्हणून न बसता ते निरीक्षक राहिले. बुद्धाचा धम्म येथे आचरणात किती शिल्लक आहे ते त्यांना पाहावयाचे होते. कोलंबोतील भाषणात त्यांनी तेथील अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले.